चार घोटांचे लिमये

लिमयांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला लागलो की कोणी मला भोळा सांब समजणार नाही. चांगलं लिहावंच लागेल, कारण माणूस होताच तसा. एखाद्या लुच्च्याने फसवलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. इथे ती सोय नाही.

आमचा कोळीवाडा अलिबागच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. तिथल्या बर्फाच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळला. होड्या समुद्रात जाण्याआधी बर्फ भरून घेतात, त्या बर्फाला विहिरीचं पाणी लागतं, आणि ते पाणी तपासायला अलिबागहून प्रयोगशाळेचा माणूस यायचा. यायचा, बाटली भरायचा, माझी सही घ्यायचा, जायचा. लिमये पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बाटली भरली, मग ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेलं, एक घोट तोंडात घोळवला, थुंकला आणि विचारलं, “भरतीच्या वेळी विहिरीची पातळी वाढते का हो?”

“वाढते. का?”

“खारं शिरतंय. अजून थोडंच आहे. दोन उन्हाळे निघतील.”

अहवाल आला त्यात पाणी ठीक असल्याचं लिहिलेलं होतं. मालक हसले. तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर मचूळ झाली आणि मालकांना दुसरी खणावी लागली. तेव्हापासून कारखान्यात लिमयांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दिसायला माणूस अगदीच साधा. किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक पांढरा रुमाल. हा रुमाल नुसत्या पाण्यात धुतलेला असायचा, साबणाचा वास नको म्हणून. डोक्याला तेल नाही, अंगाला पावडर नाही. समोरच्याने अत्तर लावलं असेल तर हे वाऱ्याची दिशा बघून उभे राहायचे. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, आणि नोकरीत निम्मा वेळ कोळीवाड्यांतून फिरायचं. पण त्यांनी कधी नाकाला रुमाल लावला नाही. उलट गल्लीतून चालता चालता हळूच म्हणायचे, “दत्ताराम, इथे आज सुरमई आहे. आणि त्या निळ्या दाराच्या घरात सुका जवळा जरा जास्तच भाजला गेलाय.” न खाणाऱ्या माणसाला सगळी मासळी नावानिशी ओळखू येते याचं आमच्या बायकांना भारी कौतुक होतं. आम्हाला आमच्या गल्लीला काही वास आहे हेच मुळात ठाऊक नव्हतं. जन्मल्यापासून तोच वास नाकात, मग तो यायचा कुठून?

एकदा तर त्यांनी माझा जीवच वाचवला. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया खेळवलेला असतो. तो सुटला तर डोळे, फुप्फुसं, काही शिल्लक राहत नाही. त्या दिवशी लिमये नमुना घ्यायला आले होते, मी आत यंत्राशी होतो. ते दारातच थबकले आणि मोठ्याने ओरडले, “दत्ताराम, बाहेर या! आधी बाहेर या!” या माणसाला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, म्हणून घाबरूनच बाहेर आलो. मला काही म्हणजे काही वास आला नव्हता. पाचेक मिनिटांनी आला. एका सांध्याचं पॅकिंग गेलं होतं. मी आत राहिलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपेक्षा माझा लिमयांच्या नाकावर जास्त विश्वास बसला, आणि तो बसला यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

निवृत्त झाल्यावर लिमयांना बियरचं वेड लागलं. मुलगी पुण्याला असते, तिच्याकडे गेले असताना जावयाने त्यांना एका छोट्या ब्रूअरीत नेलं. तिथे त्यांनी पहिल्यांदा चार घोट घेतले. परत आले ते सरळ कारखान्यावर. “दत्ताराम, आयुष्यभर पाणी तपासलं. बियर म्हणजे काय, पाणीच. फक्त त्याच्यावर कोणीतरी मेहनत घेतलेली असते. मला वाटायचं लोक ही धुंदीसाठी पितात.”

“त्याच्यासाठीच पितात,” मी म्हणालो.

“ते सोडा. मला त्याच्यातलं कडू समजून घ्यायचंय.”

अशा रीतीने आमचे शनिवार सुरू झाले. महिन्यातला एक शनिवार, दुपारी चारची वेळ, जागा हरेशची पडवी. हरेश माझा शाळेपासूनचा मित्र, दोन होड्यांचा नाखवा. इंजिनाचे सुटे भाग आणायला तो रो-रो बोटीने मुंबईला जायचा आणि येताना बर्फाच्या पेटीत तीन-चार तऱ्हेच्या बाटल्या घेऊन यायचा. लहान लहान ब्रूअरींच्या, नावं एकेकाची न वाचता येणारी. आम्ही दोघं तोवर एकच बियर ओळखायचो, ती म्हणजे गार बियर.

पहिल्या शनिवारी लिमयांनी बाटल्यांना हातच लावू दिला नाही. पिशवीतून डबे काढले. एकात मेथीचे दाणे, एकात कारल्याच्या चकत्या, एकात काडेचिराइताचं पाणी, एका थर्मासमध्ये उकळून उकळून काळा केलेला चहा. “खा,” म्हणाले.

हरेशने चिराइताचा घोट घेतला आणि पडवीच्या बाहेर जाऊन थुंकून आला. “लिमये, आमी पार्टी समजून आलो व्हतो! ह्ये तं जुलाबाचं औषद हाय!”

“आता चहा घ्या. कसा आहे?”

“त्यो बी कडू.”

“नीट बघा. जीभ काय म्हणते आणि गाल काय म्हणतात?”

हरेशने गाल आत ओढून बघितले. “गाल... गाल सुकलं.”

“म्हणजे तुरट. कडू जिभेवर कळतं, तुरट गालांत. लोक दोघांना एकच समजतात आणि बियरला नावं ठेवतात.” असं दीड तास चाललं. त्या दिवशी आम्ही बियर प्यायलो ती शेवटी, छटाकभर. पण खरं सांगतो, पन्नाशीला आलेल्या दोन माणसांना आपल्या तोंडात काय काय घडतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढे त्यांचे नियमच झाले. बाटलीवर कडूपणाचा आकडा छापलेला असतो, त्यावर ते कागदाची पट्टी चिकटवायचे. म्हणायचे, आकडा कारखान्याला, जीभ आपल्याला. एकदा त्यांनी काळ्या बियरची बाटली आणि पिवळ्या बियरची बाटली शेजारी ठेवून आम्हाला चाखायला लावली. आम्ही दोघांनीही पिवळी जास्त कडू म्हणून लिहिलं. पट्ट्या काढल्या तर काळीचा आकडा जवळजवळ दुप्पट. हरेश म्हणाला छापणाऱ्याने चूक केली. लिमये म्हणाले, “तुमच्या घरी बाळंतिणीला मेथीचे लाडू करतात ना? मेथी तेवढीच ठेवून गूळ कमी केला तर काय होईल? काळ्या बियरमध्ये भाजलेल्या सातूचा गोडवा आहे, तो कडूला सांभाळून घेतो. पिवळीत सांभाळायला कोणी नाही.” मला हे इतकं पटलं की घरी जाऊन सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, एवढं कळायला लिमये कशाला लागतात, मला विचारायचं होतं.

बर्फाचं तर नावच काढायचं नाही. मी बर्फवाला असून माझ्या बर्फाला पडवीत बंदी. फार गार झालं की जीभ बधिर होते आणि वाईट बियरही पास होते, असं त्यांचं मत. घोट गिळल्यावर मनात दहा अंक मोजायचे आणि मगच काय ते ठरवायचं. “चांगलं कडू पाहुण्यासारखं असतं. येतं, बसतं, आणि आपण कंटाळायच्या आत उठतं.” दहा मोजून झाले की प्रत्येकाने जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे आपलं मत लिहायचं. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. लिमये आपली चिठ्ठी सगळ्यांत आधी उपडी ठेवायचे. आणि चिठ्ठीवर ‘छान आहे’ असं लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. “छान आहे हे उत्तर नाही. कळलं नाही, हे उत्तर आहे. ते लिहायला लाजू नका.” ते स्वतःही कधी कधी लिहायचे. एकदा एका बियरला त्यांनी संत्र्याच्या सालीचा वास म्हणून लिहिलं आणि बाटलीवर धने लिहिलेले निघाले, तर स्वतःच्या चिठ्ठीवर लाल पेनाने फुली मारून ती आम्हा दोघांना दाखवली.

आणि एवढं सगळं करून स्वतः प्यायचे किती? चार घोट. एक नाकासाठी, एक जिभेसाठी, एक दहा अंकांसाठी आणि एक, ते म्हणायचे, माणुसकीसाठी. उरलेला पेला हरेशच्या माडाच्या मुळाशी ओतायचे. हरेशला ते बघवायचं नाही. “माडाला चढंल की हो!” असं तो दर वेळी म्हणायचा आणि लिमये दर वेळी हसायचे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत लिमये आजारी पडले. फार नाही, पण आठ-दहा दिवस वास गेला असं त्यांनी फोनवर सांगितलं. आम्हाला धस्स झालं. मग महिन्याभराने फोन आला, “आला हो परत. अगदी पहिल्यासारखा.” हरेशने त्या आनंदात खंडोबाला नारळ फोडला. हे मुद्दाम सांगतो. नारळ फोडला होता आम्ही.

शनिवार पुन्हा सुरू झाले. थोडा फरक पडला होता, पण तो आता दिसतो, तेव्हा दिसला नाही. लिमये आता आधी आमच्या चिठ्ठ्या गोळा करायचे, वाचायचे, आणि आपलं मत सगळ्यांत शेवटी सांगायचे. आम्हाला वाटलं, वय झालं, माणूस मोठेपणाने दुसऱ्याला आधी बोलू देतोय. पूर्वी वासावर दहा मिनिटं बोलायचे, फणस, ओली माती, खळ्यातला पेंढा असं काय काय काढायचे. आता नुसतं कडूवर बोलायचे. हे कडू उशिरा येतंय, हे घशाला धरतंय, हे कुठल्या बाजूने आलं बघा. आणि ते बोलणं एवढं बारीक की आम्ही तोंडात बोट घालून ऐकायचो. हरेश मला म्हणाला, “आता मानूस पार खोल गेलाय बग.” मीही मान डोलावली.

याच सुमारास आमच्या कारखान्याला घरघर लागली. पलीकडच्या बंदरावर नवा मोठा बर्फाचा प्लांट झाला आणि होड्या तिकडे वळल्या. मालकांनी सांगितलं, होळीपर्यंत चालवू. मी तेव्हा बावन्न वर्षांचा. या वयात कोळीवाड्यात राहून कुठली नोकरी मिळणार? मांडव्याच्या रस्त्यावर एक छोटी ब्रूअरी निघाली होती, बाग, बाकडी, शनिवार-रविवार मुंबईची गर्दी. तिथली बियर करणारी अदिती म्हणून नागपूरची मुलगी. तिच्या थंड खोलीचा कॉम्प्रेसर बिघडला तेव्हा मी दुरुस्त करून दिला होता. बोलता बोलता तिला कळलं की या बर्फवाल्याला कडू आणि तुरट यातला फरक कळतो. ती म्हणाली, “काका, तुम्ही मला एक बियर सुचवा. इथली, या किनाऱ्याची. डिसेंबरात आमचा वर्धापनदिन आहे, तेव्हा लावू. लोकांना आवडली तर तुम्ही इकडेच या, टाक्या आणि थंड खोली तुमच्या ताब्यात.”

मी हवेत चालत घरी आलो. कोकमाची बियर करायची हे वाटेतच ठरवलं. सुनंदाचं माहेर माणगावकडे, तिथून दर उन्हाळ्यात रातांबे येतात. ती त्यांची सालं ओट्यावर वाळवते आणि माळ्यावरच्या निळ्या ड्रममध्ये भरून ठेवते. ती आमसुलं मी अदितीला नेऊन दिली. तिने टाकीत घातली. पहिला नमुना निघाला तेव्हा लिमयांना घेऊन गेलो, कारण त्यांच्याशिवाय मी कशालाच हो म्हणणार नव्हतो.

लिमयांनी घोट घेतला, दहा मोजले. “कडू अर्ध्यावर आणा. कोकमाचा आंबटपणा आहे, दोघं एका ताटात जेवणार नाहीत.” अदितीने पुढच्या खेपेला कडूपणाची हॉप्सची फुलं कमी घातली आणि बियर एकदम बसली. शंभर टक्के बरोबर सल्ला. दुसरा नमुना घेतला तेव्हा अदिती जरा घुटमळली. पेला दोन-तीनदा हुंगून म्हणाली, “सर, मागे एक वास येतोय. तो कोकमाचाच आहे ना? आमच्या नागपूरला कोकम कोणी बघितलंय! मला वाटलं मुरवलं की असंच होत असेल. पण तुम्ही एकदा बघा.”

लिमयांनी पेला नाकाशी धरला. डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, डॉक्टरकडे बघतात तसा. त्यांनी पेला खाली केला, पुन्हा वर नेला.

“कोकमाचाच,” ते म्हणाले. “जुनं आमसूल असंच येतं.”

अदितीने टाकीवर खडूने बरोबरची खूण केली.

वर्धापनदिनाला फळ्यावर रंगीत अक्षरात नाव लिहिलं होतं: ‘कोळीवाडा कोकम’. खाली बारीक अक्षरात माझं नाव. हरेश आणि मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. सुनंदा नवी साडी नेसून आली, ती तसल्या जागी पहिल्यांदाच आली होती. लिमये होतेच. दुपारची वेळ, बाग भरलेली, हिरवळीवर जायचं म्हणून पायऱ्यांशी चपलांचा ढीग. पहिले पेले एका मोठ्या टेबलावर गेले, दहा-बारा माणसं, मुंबईची. मी खांबाआडून बघत होतो. एका बाईने पेला तोंडाजवळ नेला आणि लांब केला. शेजारच्याने हुंगला. मग तो मोठ्याने म्हणाला, “अरे, याला सुक्या मासळीचा वास मारतोय!”

टेबलावर हशा. दुसरा फळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “नाव बरोबर ठेवलंय की. कोळ्याने केलीय, मग येणारच.”

पेले टेबलाटेबलावरून परत यायला लागले. मी एक उचलून हुंगला. कोकम. नुसतं कोकम. हरेशने हुंगला. “मना तं काय न्हाय येत, दत्ता,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला, कारण आपल्याला का येत नाही हे त्याच क्षणी त्याला कळलं होतं. मलाही कळलं. सुनंदा हळूच म्हणाली, “त्या डरमात आदी जवला व्हता. तीन वेला धुतला मी. चिंच लावून धुतला.”

तिच्या धुण्यात खोट नव्हती. आमच्या गल्लीतली कुठलीही बाई तो ड्रम तेवढाच धुऊन स्वच्छ झाला म्हणाली असती. म्हणून तर आम्हाला बाहेरचं नाक लागत होतं. म्हणून तर मी लिमयांना नेलं होतं. मी वळून त्यांना शोधलं. ते बागेच्या पायऱ्यांशी वाकून चपलांच्या ढिगात आपल्या चपला हुडकत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी त्या पायात सरकवल्या आणि फाटकाबाहेर पडले.

अदितीने ती अख्खी टाकी मोरीत सोडली. मला एका शब्दाने बोलली नाही. पुढे कधी बोलावलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अलिबागला लिमयांच्या घरी गेलो. ते दाढी करायला बाहेर गेले होते. मीनावहिनींनी पाणी दिलं. मी विषय कसा काढावा या विचारात, तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. त्या धावल्या, दूध उतरवलं आणि परत येऊन म्हणाल्या, “बघा, हे घरात असते तरी उपयोग नव्हता. परवा अख्खं पातेलं जळालं, हे शेजारीच बसून पेपर वाचत होते.”

“म्हणजे?”

“अहो, वास कुठे येतो त्यांना! करोनापासून गेला तो गेलाच. दोन वर्षं होऊन गेली.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या थांबल्या. “तुम्हाला बोलले नाहीत? दर महिन्याच्या शनिवारी तर तुमच्याकडेच येतात.” बोलता बोलता त्यांनी खिडकीकडे हात केला. तिथे ओळीने चार लहान डब्या होत्या. लवंग, कापूर, कॉफी, लिंबाची साल. “रोज पहाटे उठून डोळे मिटून हुंगतात. कुठल्या डॉक्टरने सांगितलंय. मी बाहेर आले की डब्या झाकतात.”

लिमये आले. मला बघितलं, डब्यांकडे बघितलं आणि दारातच उभे राहिले. गालावर एका ठिकाणी साबण तसाच राहिला होता.

“तुम्ही तिला कोकमाचा म्हणून सांगितलंत,” मी म्हणालो.

“हो.”

“तुम्हाला कशाचाच येत नव्हता.”

“कडू कळतं मला, दत्ताराम. जिभेचं सगळं शाबूत आहे. कडूबद्दल मी तुम्हाला एक शब्द खोटा सांगितला नाही. तपासून बघा.”

“मी कडूबद्दल विचारत नाहीये.”

ते खुर्चीवर बसले. रुमालाची घडी घालत राहिले. “वाटलं होतं, येईल परत. आज येईल, उद्या येईल. मग इतके दिवस झाले की सांगायचं कसं तेच कळेना. आणि नाक गेलेल्या लिमयाला तुम्ही शनिवारी कशाला बोलावलं असतं?”

“बोलावलं असतं,” मी म्हणालो. “माडाखाली खुर्ची टाकून बसवलं असतं. कळलं नाही, एवढे दोन शब्द. तुम्हीच शिकवलेत आम्हाला. तिने विचारलं तेव्हा तेवढे दोन शब्द तुमच्या तोंडून निघाले असते तर तिने दुसऱ्या कोणाला विचारलं असतं. टाकीतच कळलं असतं. मी नवीन आमसुलं आणली असती.”

 वहिनी आतून बाहेर आल्या नाहीत.

नोकरी गेली याचं मला दुःख झालं, पण ते पोटापुरतं होतं. ते निभावलं. आता मी न्हावा शेव्याकडे एका यार्डात थंड कंटेनरचे कॉम्प्रेसर बघतो, उरणला खोली घेऊन राहतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. खुपतं ते वेगळंच. माझ्या बायकोच्या नव्या साडीसमोर, माझ्या जातीचं नाव घेऊन लोक हसत होते, आणि ज्या माणसासाठी मी आगीत हात घातला असता तो चपला शोधत होता. अमोनिया सुटला तेव्हा दारातून ओरडणारा आणि हा, दोन्ही एकच माणूस. मी कितीदा तरी एकाला दुसऱ्यापासून वेगळं करून बघितलं. जमत नाही. हरेश म्हणतो, “म्हातारा लाजंनं मेला असंल, जाऊंदे.” त्याचं काय गेलं म्हणायला. पण शनिवार त्यानेही पुन्हा लावले नाहीत.

लिमये मला त्यानंतर एकदाच दिसले. मे महिन्यात, अलिबागच्या एसटी स्टँडबाहेर, सकाळी अकराच्या उन्हात. एका हातगाडीवर आंबे लावलेले होते आणि पुठ्ठ्यावर ‘अलिबाग हापूस’ लिहिलं होतं. लिमये एकेक आंबा देठाकडून नाकाला लावत होते. डोळे मिटायचे, मान किंचित हलवायचे, बाजूला ठेवायचे. अगदी जाणकारासारखं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि माझ्यापर्यंत काही म्हणजे काही वास येत नव्हता. हापूसची गाडी असली तर रस्त्यापलीकडे कळते. हे आंबे घाटावरून कच्चे आणून पावडरीत पिकवलेले होते, ते शेंबडं पोरही सांगेल. गाडीवाला लिमयांचं हुंगणं बघून गालात हसत होता.

मग लिमयांनी मला बघितलं. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी फिरवलं नाही. हातातला आंबा तसाच माझ्यापुढे धरला.

“दत्ताराम,” ते म्हणाले, गाडीवाल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, “मला वास येत नाही. तुम्ही बघून सांगा. मुलगी येणार आहे, नातवाला घेऊन.”

दोन वर्षं जे वाक्य या माणसाच्या तोंडून निघालं नाही ते त्याने भर रस्त्यात म्हटलं होतं. मी आंबा घेतला. नाकाशी नेला. त्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. गाडीवाला माझ्याकडे बघत होता, लिमये माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या कानांत ते बागेतलं हसणं जसंच्या तसं वाजायला लागलं.

“घ्या,” मी म्हणालो. “हापूसच आहे.”

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तीन डझन बांधायला सांगितले.